बॅगला लागत नाही, हाताला लागतं

व्यायामशाळेच्या कोपऱ्यात साखळीला टांगलेली जड बॅग आता तालुक्याच्या गावांतही दिसते. तिथे येणारा जवळपास प्रत्येक जण जाता-येता तिला एखादा ठोसा लगावतो, बऱ्याचदा उघड्या हातानं. त्यातले काही जण पुढे मनापासून बॉक्सिंग शिकायचं ठरवतात आणि ग्लोव्हज शोधायला लागतात. शोधायला लागलं की समोर रंगांची गर्दी, प्रत्येक जोडीवर ८, १०, १२, १४, १६ असे आकडे, आणि काही शे रुपयांपासून वीस हजारांच्या पुढे जाणाऱ्या किमती. मग पहिला प्रश्न येतो, "कंपनी कोणती घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी ग्लोव्हज कशासाठी घालायचे ते नीट समजून घ्या, म्हणजे निम्मी निवड आपोआप होते.

हाताच्या पंज्यात आणि मनगटात मिळून २७ हाडं असतात, त्यातली बरीचशी बारीक. समोरची बॅग तीस-चाळीस किलोची. मूठ तिच्यावर आदळते तेव्हा बॅग तिला क्षणात थांबवते आणि तो धक्का उलट हातात येतो. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या बुडाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर ठोसा बसला आणि मनगट सरळ असलं, तर धक्का हाताच्या लांब हाडांतून कोपराकडे आणि खांद्याकडे निघून जातो. तोच ठोसा करंगळीच्या बाजूला बसला तर करंगळीच्या मागचं पंज्यातलं हाड मानेपाशी मोडू शकतं. डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. मनगट ऐन वेळी दुमडलं तर लचक भरते, आणि ती आठवडेच्या आठवडे जात नाही. बॅगवरच्या ग्लोव्हजचं काम एवढंच: मुठीपुढे पुरेशी गादी ठेवायची आणि मनगटाला दुमडू द्यायचं नाही. ठोशाची ताकद पायांतून आणि कमरेतून येते. ती वाढवणं हे ग्लोव्हजचं काम नाही.

म्हणून ग्लोव्हजच्या आधी हँडरॅप, म्हणजे हाताला गुंडाळायच्या पट्ट्या, घ्या. बरेच जण उलटं करतात. तीन हजारांचे ग्लोव्हज घेतात आणि दोन-तीनशे रुपयांच्या पट्ट्या टाळतात, किंवा "गादी आहेच की आत" असं म्हणतात. ग्लोव्हमधली गादी बाहेरून येणारा मार झेलते. आतली हाडं एकमेकांशी घट्ट धरून ठेवणं तिला जमत नाही, ते पट्टीचंच काम. मोठ्या माणसानं साडेचार मीटरची पट्टी घ्यावी. पाकिटावर बहुधा १८० इंच असं लिहिलेलं असतं. तीन मीटरची पट्टी लहान मुलांना किंवा अगदी बारीक हाताला पुरते, इतरांचं मनगट झाकेपर्यंत ती संपून जाते. थोडी ताणली जाणारी सुती पट्टी चांगली. अंगठ्यात फास अडकवून मनगटाभोवती तीन वेढे, मग पंज्यावरून, बोटांच्या बेचक्यांतून, मुठीच्या उंचवट्यांवर पुन्हा तीन वेढे आणि शेवट मनगटावर. हात उघडा असताना पट्टी सैलसर आणि मूठ वळल्यावर घट्ट वाटली पाहिजे. बोटांना मुंग्या येत असतील किंवा ती निळसर दिसत असतील तर सोडून पुन्हा बांधा. झटपट घालायचे जेलवाले आतले मोजे मिळतात. त्यांनी वेळ वाचतो, पण मनगटाला पट्टीसारखा आधार मिळत नाही. शिकणाऱ्यानं त्यांच्या नादी लागू नये.

आता ते आकडे. ग्लोव्हवरचा आकडा औंसांत असतो. तो वजन सांगतो, बुटाच्या नंबरासारखं माप सांगत नाही. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. म्हणजे १० औंसाचा एक ग्लोव्ह सुमारे २८३ ग्रॅमचा, १२ औंसाचा ३४० ग्रॅमचा आणि १६ औंसाचा साधारण ४५४ ग्रॅमचा. हे वजन एका हाताचं, जोडीचं नव्हे. वजन वाढतं तशी गादी वाढते आणि बहुतेक कंपन्यांमध्ये आतली जागाही वाढते. पण किती वाढते हे ज्या त्या कंपनीवर असतं. त्यामुळे एका कंपनीचे १२ औंस हाताला घट्ट आणि दुसरीचे तेच १२ औंस ढगळ, असं सर्रास होतं. स्वस्त मालात आणखी एक अडचण असते, आकडा छापलेला एक आणि वजन दुसरंच. घरी स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर घेतलेले दोन्ही ग्लोव्हज एकेक करून त्यावर ठेवून बघा. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे चालतं. १२ औंसाचा ग्लोव्ह २९० ग्रॅम भरला तर तितकी गादी कमी आहे असं धरा आणि परत करा.

नवख्यानं किती औंस घ्यावेत? अंगाचं वजन ५५ किलोच्या आत असेल तर १० औंस चालतील. ५५ ते ७५ किलोपर्यंत १२. त्यापुढे ९० पर्यंत १४ आणि त्याहून जड माणसाला १६. हा काही कायदा नाही, पण बहुतेक हात यात बसतात. दोन आकड्यांच्या मधे अडकलात तर बॅगसाठी वरचा घ्या, कारण जड माणसाचा साधा ठोसासुद्धा जोरात लागतो आणि त्या जोराला गादी हवी. मात्र "जड घेतले की ताकद वाढेल" म्हणून साठ किलोच्या मुलानं १६ औंसाचे घेऊन बॅगवर रोज झोडपत राहू नये. खांदे लवकर दमतात, हात खाली येतात, ठोसा तिरका पडू लागतो, आणि तीच सवय अंगात मुरते.

टीव्हीवरच्या लढती बघून ८ औंसाचे ग्लोव्हज मागणारेही असतात. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वेल्टरवेटपर्यंत, म्हणजे साधारण ६६.७ किलोपर्यंत ८ औंस आणि त्यावरच्या गटांत १० औंस वापरतात हे खरं. पण त्या बॉक्सरचे हात लढतीआधी गॉज आणि चिकटपट्टीनं तयार हातांनी बांधलेले असतात, आणि तो ते ग्लोव्हज लढतीच्या दिवशी घालतो. रोजच्या सरावात त्याच्या हातातही जड ग्लोव्हजच असतात. तुमचा सराव रोजचा आहे.

याच कारणानं 'बॅग ग्लोव्हज' या नावालाही भुलू नका. बॅगसाठी बॅग ग्लोव्हज, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा जोड्या हलक्या, आखूड मनगटाच्या आणि पातळ गादीच्या असतात. ज्याची मूठ पक्की झाली आहे आणि ज्याला ठोसा नेमका कुठे बसला हे हाताला कळायला हवं आहे, त्याच्यासाठी त्या आहेत. बोटं उघडी राहणारे एमएमएचे (मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे) ग्लोव्हज तर जड बॅगवर नवख्यानं वापरूच नयेत. दुकानात 'ट्रेनिंग ग्लोव्हज' मागा. त्यांत मुठीवर जाड गादी, जोडलेला अंगठा आणि लांब मनगट असतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ग्लोव्ह हातात बसतो कसा. मुंबईकर धोबी तलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत जाऊ शकतात, इतर शहरांतही अशी एखादी गल्ली किंवा मोठं दुकान असतंच. जाताना पट्ट्या सोबत न्या आणि बांधूनच ग्लोव्ह घाला. उघड्या हाताला छान बसलेला ग्लोव्ह पट्टीवर चढतच नाही, हे घरी आल्यावर कळून उपयोग नाही. घातल्यावर बोटांची टोकं आतल्या शेवटाला जेमतेम टेकली पाहिजेत. टोकं दुमडावी लागत असतील तर ग्लोव्ह लहान, पुढे बोटभर मोकळं राहत असेल तर मोठा. मग मूठ वळा. आत तळहाताशी एक आडवी जाड कड असते, मुठीनं धरायला. बोटं तिच्याभोवती सहज वळली पाहिजेत. मूठ बंद ठेवायला सतत जोर लावावा लागत असेल तर तो ग्लोव्ह घेऊ नका, कारण दमल्यावर ती मूठ अर्धवट उघडी राहील आणि अर्धवट मुठीनंच इजा होते. नवा ग्लोव्ह थोडा कडक असणारच. कोल्हापुरी चप्पल जशी चार दिवस चावते आणि मग पायाची होते, तसा चांगला ग्लोव्हही आठ-दहा सत्रांत हाताचा होतो. पण चप्पल मुळात लहान असेल तर ती कितीही वापरली तरी मोठी होत नाही, हेही लक्षात ठेवा.

पट्टा लावून हात जोरात हलवा. पंजा आत सरकतो का? सरकत असेल तर बॅगवर कातडी सोलवटणार. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर हलके ठोसे मारा आणि ठोसा टेकलेला असतानाच मनगट खाली-वर दुमडून बघा. जो ग्लोव्ह मनगटाला दुमडू देतो तो बॅगच्या कामाचा नाही. मग मुठीवरची गादी अंगठ्यानं दाबा. आतली हाडं अंगठ्याला लागली तर गादी पातळ आहे. शेवटी अंगठा बघा. तो मुठीच्या बाजूला नैसर्गिकपणे टेकला पाहिजे, ताणून मागे राहता कामा नये. आत बोट फिरवून शिवणीच्या गाठी तपासा, कारण हाताला टोचणारी एक गाठ अर्ध्या तासात फोड आणते. दुकानदार घाई करत असेल तरी तुम्ही घाई करू नका. पाच मिनिटं ग्लोव्ह घालून तसेच उभे राहा.

ऑनलाइन घेणार असाल तर शिंप्याच्या टेपनं हाताचं माप घ्या. अंगठा सोडून, मुठीच्या उंचवट्यांच्या थोडं खाली पंज्याभोवतीचा घेर, पट्टी बांधून. मग त्याच कंपनीच्या तक्त्यात बघा, दुसऱ्या कंपनीचा तक्ता इथे उपयोगाचा नाही. परत घेण्याची सोय नसेल तर पहिली जोडी ऑनलाइन घेऊच नये असं मला वाटतं.

मुलींसाठी आणि बायकांसाठी वेगळं सांगायचं ते एवढंच की रंगावर जाऊ नका. 'लेडीज' म्हणून ठेवलेल्या जोडीत बऱ्याचदा वजन कमी केलेलं असतं, आतला घेर मात्र तोच असतो. तुम्हाला हवा आहे तो अरुंद पंज्याचा, पण पुरेशा गादीचा ग्लोव्ह. अशी जोडी १२ औंसात मिळाली तर ८ औंसाच्या गुलाबी जोडीपेक्षा ती कितीतरी बरी. वाढत्या वयाच्या मुलांना ६ किंवा ८ औंस पुरतात. पण त्यांच्यासाठी ग्लोव्हपेक्षा बॅग हलकी असणं जास्त गरजेचं आहे आणि ती किती हलकी हवी ते प्रशिक्षकानं ठरवावं.

गादी आणि कातडं यांवर फार वेळ घालवू नका. आज बहुतेक ग्लोव्हजमध्ये फोम असतो. थरांचा फोम हळूहळू हाताचा आकार घेतो, साच्यात ओतलेला एकसंध फोम सुरुवातीपासून सारखा लागतो आणि स्वस्त पडतो. दोन्ही चालतात. 'जेल' हा शब्द बघून हजार रुपये जास्त देऊ नका. मेक्सिकोच्या क्लेटो रेयेससारख्या जुन्या कंपन्यांच्या घोड्याच्या केसांच्या ग्लोव्हजचं मोठं कौतुक ऐकाल. ते ठोसा नेमका जाणवून देतात, पण गादी पातळ, म्हणून नवख्याला नकोत. ट्विन्स, फेअरटेक्स या थायलंडच्या कंपन्यांचे ग्लोव्हज दणकट असतात. ते मुळात मुए थाईसाठी बनलेले आहेत. त्या खेळात प्रतिस्पर्ध्याची मान धरावी लागते, म्हणून त्यांचं मनगट बहुधा थोडं आखूड आणि मोकळं असतं. निव्वळ बॉक्सिंगच्या ठोशांसाठी लांब मनगट बरं. जालंधर आणि मेरठ ही आपल्याकडची खेळसाहित्याची मोठी केंद्रं. तिथला चांगला माल वाजवी भावात मिळतो, आणि देशी आहे म्हणून तो कमी समजू नये.

बांधायला व्हेल्क्रोचा रुंद पट्टा घ्या, मनगटाभोवती पूर्ण फिरणारा. नाडीचे ग्लोव्हज मनगटाला उत्तम धरतात, पण ते बांधायला दुसरा माणूस लागतो. घरी किंवा जिममध्ये एकट्यानं सराव करणाऱ्याला ते निरुपयोगी.

पैशाचं गणित सरळ आहे. हजाराच्या आतले ग्लोव्हज मला विश्वासाचे वाटत नाहीत. त्यांचा फोम काही आठवड्यांत बसतो. साधारण दीड ते तीन हजारांत चांगल्या कृत्रिम कातड्याची, नीट मनगटाची जोडी मिळते, आणि पहिल्या वर्षाला ती पुरते. डिकॅथलॉनमधल्या आउटशॉक जोड्या दुकानात घालून बघता येतात, ही मोठी सोय. खरं कातडं जास्त टिकतं, पण त्याचे पैसे दुसऱ्या जोडीला द्या, तुम्ही अजून बॅगसमोर उभे आहात हे वर्षभरानं नक्की झाल्यावर. फुटपाथवर मोठ्या विदेशी नावाचे ग्लोव्हज सातशे रुपयांत मिळाले तर ते त्या कंपनीचे नाहीत एवढं समजून पुढे चला.

आणि ग्लोव्ह निवडताना बॅगकडेही बघा. आपल्याकडच्या कितीतरी बॅगांमध्ये चिंध्या आणि वाळू भरलेली असते. वाळू हळूहळू खाली उतरते आणि बॅगचा खालचा भाग दगडासारखा होतो. सरावाआधी बॅग वरपासून खालपर्यंत तळहातानं दाबून बघा आणि घट्ट झालेल्या भागावर मारू नका. बॅग फारच कडक असेल तर दोन औंस वरचा ग्लोव्ह घ्या, किंवा जिमवाल्यांना ती उसवून पुन्हा भरायला सांगा. पहिले काही आठवडे निम्म्या जोरानं मारा, दोन-दोन मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या, मधे एक मिनिट विश्रांती. चुकीच्या ठोशाला कोणताही ग्लोव्ह वाचवत नाही. करंगळीच्या मागे सूज आली, बोट वाकडं दिसू लागलं किंवा मनगटाची कळ दोन-तीन दिवसांत ओसरली नाही, तर सराव बंद करून एक्स-रे काढा. पट्टी आणखी घट्ट बांधून खेळत राहू नका.

मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या वाचकांसाठी पावसाळ्याबद्दल दोन शब्द. जून ते सप्टेंबर ग्लोव्हज वाळतच नाहीत. घामेजलेली जोडी बॅगेत तशीच राहिली तर दोन दिवसांत वास आणि आठवड्यात बुरशी. घरी आल्याबरोबर ग्लोव्हज बाहेर काढा, पट्टे पूर्ण उघडा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात वाळवू नका, कातडं तडकतं आणि कृत्रिम कातड्याचे पापुद्रे निघतात. ग्लोव्ह पाण्यात कधीही बुडवू नका. आतला फोम ओला झाला की तो लवकर वाळत नाही. हँडरॅप मात्र प्रत्येक सत्रानंतर धुवा आणि त्यासाठी दोन जोड्या ठेवा. ग्लोव्हजच्या निम्म्या वासाचं मूळ न धुतलेल्या पट्ट्यांत असतं. जिममधले सगळ्यांचे म्हणून ठेवलेले ग्लोव्हज शक्यतो टाळा, आणि टाळता येत नसतील तर पट्टीशिवाय हात आत घालू नका.

ग्लोव्ह संपला हे कसं ओळखायचं? ठोसा मारल्यावर बॅगचा कडकपणा मुठीच्या हाडांना लागायला लागला, किंवा अंगठ्यानं दाबल्यावर गादी पुन्हा वर येईनाशी झाली, की तो संपला. वरचं कातडं चकचकीत असलं तरी. रोज सराव करणाऱ्याची साधी जोडी सहा महिने ते वर्षभर चालते. तिला तुमच्या भावना चिकटलेल्या असतील, तर ती भिंतीवर लावा, हातात घालू नका.

शेवटची गोष्ट मी सगळ्यात कळकळीनं सांगतो. बॅगचे ग्लोव्हज घालून माणसाशी खेळू नका. अठराव्या शतकाच्या मध्यात लंडनमध्ये बॉक्सर जॅक ब्रॉटननं आपल्या शिष्यांच्या हातांना गादीचे 'मफलर' घातले ते समोरच्याचा चेहरा वाचावा म्हणून. स्पॅरिंगचे, म्हणजे समोर माणूस घेऊन केलेल्या सरावाचे, ग्लोव्हज आजही त्याच कामाचे आहेत आणि बॅगचे तुमच्या स्वतःच्या हाताच्या कामाचे. बॅगवर झिजलेली गादी दबलेली असते. तुमच्या मुठीला ती पुरेल, पण समोरच्याच्या नाकाला आणि डोक्याला पुरणार नाही. स्पॅरिंगचा दिवस येईल तेव्हा १६ औंसांची वेगळी जोडी घ्या, हलक्या अंगाच्या खेळाडूंनी १४ ची, आणि ती बॅगवर कधीच वापरू नका. त्या दिवशी पैसे नसतील तर स्पॅरिंग पुढे ढकला, पण सोबत्याच्या तोंडावर जुने ग्लोव्हज घेऊन जाऊ नका.